बाबांच्या मागे आई कोल्हापुरात एकटी, आणि शेजारची प्रार्थनासभा

प्रेषक: नागाळा पार्कची लेक
रविवार, रात्री

सर्वांना नमस्कार,

गणपतीच्या आधी बाबा गेले, हे तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत आहे. कोल्हापूरला जाऊन सगळे दिवसवार उरकून मी न्यू जर्सीला परत आले. आई इकडे यायला तयार नाही. ‘ह्यांनी बांधलेलं घर टाकून मी तिकडं थंडीत काय करू?’ एवढंच म्हणते.

तेराव्यापर्यंत घरात पाय ठेवायला जागा नव्हती. नंतर आत्या, मामा, चुलते आपापल्या उद्योगाला लागले. त्यांना मी दोष देत नाही. प्रत्येकाच्या मागे ऊस आहे, नोकरी आहे, मुलांच्या परीक्षा आहेत. पण आईचं जेवण तुटलं. फोनवर ‘जेवलीस का?’ विचारलं की ‘हो’ म्हणायची, आणि कामवाल्या मावशी सांगायच्या की भाकरी दुरडीत तशीच वाळून गेलीय.

आमच्या शेजारी एक ख्रिस्ती कुटुंब आहे. शेजार जुना. त्या काकू एका बुधवारी आईला ‘चला की वो वहिनी, नुसत्या बसा आमच्यात’ म्हणून त्यांच्या घरच्या प्रार्थनासभेला घेऊन गेल्या. पुढच्या बुधवारी आई आपण होऊन गेली. आता ती जेवते, झोपते, फोनवर दोन वाक्यांपेक्षा जास्त बोलते. मात्र हे सगळं तिने मला आवाज खाली करून सांगितलं, कारण चुलत्यांना कळलंय आणि ते चिडलेत. ‘आज भजनाला नेतात, उद्या बाटवतील’ असं त्यांचं म्हणणं.

आपल्या इथल्या मराठी मंडळात कोल्हापूरच्या ख्रिस्ती समाजातलं कुणी असेल तर मला नीट सांगाल का, तिथे नेमकं काय चालतं? मी आईला काय सांगू?

---

प्रेषक: शाहूपुरीची
सोमवार, सकाळी

ताई,

मी त्याच समाजातली. माझं माहेर शाहूपुरीत, आणि आमच्या घरात आजीच्याही आधीपासून सगळे चर्चला जाणारे. तुम्ही विचारलंत हे फार बरं केलंत.

आधी बुधवारच्या सभेत काय होतं ते सांगते. प्रत्येक आठवड्याला कुणाच्या तरी घरी सतरंज्या अंथरतात. पेटी असते, कुणी वाजवणारा असला तर तबला. दोन-तीन गीतं होतात. त्यातली कितीतरी कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांची. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, पण लिहिताना अभंग आणि ओवी त्यांनी सोडली नाही. त्यामुळे तुमच्या आईला ती चाल परकी वाटली नसणार. मग शास्त्रातला, म्हणजे बायबलमधला, एखादा उतारा वाचतात, पाळकसाहेब, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, आले असतील तर ते थोडं बोलतात, आणि मग विनंत्या.

विनंत्या म्हणजे ज्याला जे जड झालंय ते त्याने सगळ्यांदेखत सांगायचं. कुणाची साखर वाढलेली असते, कुणाच्या मुलाचं काम सुटलेलं असतं, कुणाची सून घर सोडून गेलेली असते. सांगायचंच असं काही नाही, ज्याला नको तो गप्प बसतो. सांगितलेल्या प्रत्येक गोष्टीसाठी कुणीतरी प्रार्थना करतं. शेवटी चहा. बाहेरच्या माणसाला वाटेल, एवढ्याने काय होणार? पण पुढच्या बुधवारी तीच माणसं तुम्हाला विचारतात, ‘काय झालं हो त्या रिपोर्टचं?’ तुमचं दुःख कुणाच्या तरी लक्षात राहिलेलं असतं. मला विचाराल तर आधार मिळतो तो इथे.

माझे पप्पा मे २०२१ मध्ये गेले. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेचे ते दिवस कोल्हापूरला फार वाईट होते. विमानं धड नव्हती, मला जाता आलं नाही. दफनविधीला वीसच माणसांची परवानगी, तो मी फोनवर पाहिला. मम्मी घरात एकटी, आणि कुणी तिला भेटायला यायचं म्हटलं तरी आजाराची भीती. तेव्हा आमच्या चर्चच्या महिला संघातल्या बायकांनी वार वाटून घेतले. सोमवारची बाई फाटकाबाहेर खुर्ची टाकून बसायची, मम्मी व्हरांड्यात. मधे अंगण, दोघींच्या तोंडाला मास्क. मम्मीला कमी ऐकू येतं, त्यामुळे बोलणं फारसं व्हायचंच नाही. ती बाई डबा कठड्यावर ठेवायची, तासभर बसायची आणि उठून जायची. मंगळवारी दुसरी.

बायबलमधली ईयोबाची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. त्याचं सगळं गेल्यावर तीन मित्र आले आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले, एक शब्द न बोलता. पुढे ते बोलायला लागले आणि सगळं बिघडलं. तुझ्याच हातून काही पाप घडलं असेल, असं त्याला पटवायला लागले. सांत्वनाला जाणाऱ्या प्रत्येकाने हा भाग वाचावा असं मला वाटतं. मम्मीलाही ‘प्रभूची इच्छा’ म्हणणारे भेटले, आणि त्या शब्दांनी तिला काही बरं वाटलं नाही. तिला बरं वाटलं ते फाटकापाशी बसणाऱ्या बायकांमुळे.

आणि एवढ्यावर आमचे लोक थांबत नाहीत. पप्पांची पेन्शन मम्मीच्या नावावर करायची होती. आमच्या चर्चच्या मंडळीतले एक वडील, म्हणजे कारभार बघणाऱ्या पंचांपैकी एक, बँकेतून निवृत्त झालेले. लॉकडाऊन उठल्यावर ते कागद घेऊन तिच्याबरोबर गेले. दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला द्यायचा असतो, तोही तेच आठवणीने करून घेतात. तरुण संघातला एक मुलगा गॅसचा नंबर लावतो. संघाच्या सेक्रेटरीबाईंकडे एक लांबट, पुठ्ठ्याची वही असते. तिच्यात प्रत्येक घरातले वाढदिवस, लग्नाचे वाढदिवस आणि गेलेल्या माणसांच्या तारखा लिहिलेल्या असतात. पप्पांच्या मागे मम्मीच्या लग्नाचा पहिला वाढदिवस आला, तेव्हा मला इथून फोन करायचं धैर्य होईना. त्या संध्याकाळी चौघीजणी वही बघून घरी गेल्या. मम्मी म्हणाली, ‘त्यांनी हाक मारली तेव्हा कुठं मी दिवा लावला.’

त्याआधी २०१९ च्या महापुरातही हेच अनुभवलं होतं. पंचगंगेची धोक्याची पातळी राजाराम बंधाऱ्यापाशी ४३ फूट, आणि त्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. शिरोलीजवळ महामार्ग बुडाला, गावात दूध आणि पेट्रोल मिळेना, वीज नाही म्हणून फोन बंद. दोन रात्री आई-वडील कुठे आहेत हे मला कळत नव्हतं. शेवटी चर्चच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी लिहिलं की दोघं राजारामपुरीत अमुक यांच्या माडीवर आहेत, औषधं जवळ आहेत. मम्मीच्या रक्तदाबाच्या गोळ्यांचं नावसुद्धा त्यात लिहिलेलं होतं.

तुमची आई त्या खोलीत बसते तेव्हा तिला हे सगळं दिसत असणार, ताई. आवाज खाली करून सांगण्यासारखं त्यात काही नाही, हे तिला तुमच्या तोंडून ऐकू दे.

---

प्रेषक: मंडळातले एक ज्येष्ठ
सोमवार, दुपारी

दोघींनाही आशीर्वाद.

शाहूपुरीच्या ताईंनी मनापासून लिहिलं आहे आणि वाचताना माझे डोळे भरून आले. तरीही एक बोलतो, राग मानू नये. माणूस दुःखात असतो तेव्हा तो फार मऊ झालेला असतो. नवरा गेलेल्या बाईला जो हात धरेल तो आपला वाटतो. अशा वेळी तिच्यापुढे धर्म ठेवणं मला बरोबर वाटत नाही, मग तो कुठलाही असो. आपल्याकडच्या काही बुवांच्या बैठकांबद्दलही मी हेच म्हणत आलो आहे. चुलत्यांचे शब्द कडक असतील, पण त्यांची काळजी खोटी नसावी. ताईंनी या बाजूचंही लिहावं.

---

प्रेषक: शाहूपुरीची
सोमवार, रात्री

काका,

तुम्ही सरळ विचारलंत, मी सरळ सांगते.

आमच्या लोकांना आपला विश्वास दुसऱ्याला सांगावासा वाटतो. हे मी लपवणार नाही. प्रार्थनेत येशूचंच नाव घेतलं जातं, आणि बोलावलं तर ‘रविवारी उपासनेलाही या’ असं म्हणतीलही. पण सभेला बसलं किंवा डबा खाल्ला म्हणजे कुणी ख्रिस्ती होत नाही. आमच्या मंडळीत मोठ्या माणसाचा बाप्तिस्मा व्हायचा तर आधी शिक्षण होतं, पंच प्रश्न विचारतात, आणि घाई करणाऱ्याला पाळकसाहेबच थांबवतात. कुणी दुःखाचा फायदा घेऊन दबाव आणत असेल तर ते पाप आहे, आणि तसं कुठे दिसलं तर मी तुमच्या बाजूने उभी राहीन.

कोल्हापुराला हे नवीन नाही. अमेरिकन मिशनरी वायल्डर १८५२ मध्ये तिथे आले, त्यांच्या नावाचं वायल्डर मेमोरियल चर्च आजही आहे. पुढे शाहू महाराजांनी जातीजातींच्या मुलांसाठी वसतिगृहं उभी करवली, त्यात ख्रिस्ती मुलांचीही सोय होती. एका गावात राहायचं, सणावारी फराळाचं आणि नाताळचं ताट इकडून तिकडे जायचं, आणि आपापल्या देवाला धरून राहायचं, हे आमच्या गल्लीत मी लहानपणापासून पाहिलंय. गल्लीतल्याच जोशीकाकू मम्मीबरोबर दर नाताळला करंज्या भरायला बसायच्या. त्या काही ख्रिस्ती झाल्या नाहीत आणि मम्मी काही हिंदू झाली नाही.

आमच्या मंडळीत सगळं गोड आहे असंही समजू नका. पंचांच्या निवडणुकीत भाऊ भावाशी बोलेनासा होतो. ज्या घरात घटस्फोट झाला, दारू शिरली, तिथे वार वाटून घ्यायला बायका लवकर पुढे होत नाहीत. हे मला सलतं आणि मी ते तिथे जाऊनही बोलते.

ताई, माझं ऐकाल तर शेजारच्या काकूंना तुम्ही स्वतः फोन करा. सांगा, ‘आई येते, मला आनंद आहे. तिचा देव्हारा, तिचे वार तिचेच राहू देत.’ चांगल्या माणसाला याचा राग येणार नाही. आणि चुलत्यांना विचारा, बुधवारी नाही तर कुठल्या वारी तुम्ही याल?

---

प्रेषक: मिरजकर
मंगळवार, सकाळी

थोडंसं माझंही. माझी आई मिरजेच्या वानलेस हॉस्पिटलमध्ये बरेच दिवस होती. डॉ. वानलेस यांनी १८९४ साली सुरू केलेलं हे मिशन हॉस्पिटल. आम्ही वारकरी, आईच्या गळ्यात माळ. ऑपरेशनच्या आदल्या रात्री तिथली एक नर्स आली आणि म्हणाली, ‘आजी, तुमच्यासाठी प्रार्थना करू का? नको असेल तर नुसती बसते.’ आई म्हणाली, ‘कर बाई, आणि मग मी हरिपाठ म्हणते, तू बस.’ दोघींनी तसंच केलं. मी दाराशी उभा होतो. आधी विचारलं, हे माझ्या मनात राहून गेलंय.

---

प्रेषक: नागाळा पार्कची लेक
गुरुवार, सकाळी

सगळ्यांचे मनापासून आभार. काका, तुमचेही, कारण तुमच्यामुळे मला काय विचारायचं ते कळलं.

शेजारच्या काकूंशी काल बोलले. मी बोलायच्या आधीच त्या म्हणाल्या, ‘तुझ्या आईनं पहिल्याच दिवशी सांगितलंय, माझी अंबाबाई मला सोडायची नाही. आम्ही म्हटलं, सोडू नका, चहा घ्या.’ शुक्रवारी आई महाद्वारातून जाऊन दर्शन घेते आणि येताना त्यांच्यासाठी मोगऱ्याचा गजरा आणते, हे मला कालच कळलं.

आईशीही बोलले. तुला तिथे काय आवडतं, असं विचारलं. ती म्हणाली, ‘तिथं मी ह्यांचं नाव घेतलं तर कुणी विषय बदलत नाही. आपल्याकडं सगळे मला रडवायचं नाही म्हणून ह्यांचं नावच काढत नाहीत.’ मी फोनवर रोज तेच करत होते. काल आम्ही बराच वेळ बाबांबद्दल बोललो, त्यांच्या स्कूटरबद्दल, रंकाळ्यावर भेळ खाताना ते कांदा जास्त मागायचे त्याबद्दल. दोघी रडलो.

चुलत्यांना वार विचारला. जरा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, ‘रविवारी सकाळी येत जाईन.’ बुधवारबद्दल त्यांचं मत बदललेलं नाही. आईने जायचं थांबवलेलं नाही.

आता मंडळासाठी एक मागणं. आपल्या यादीत असे कितीतरी जण आहेत ज्यांचे आई-वडील गावी एकटे आहेत, आणि इथेही ज्यांचं माणूस गेलंय असे आहेत. आपण गणपती, दिवाळी, संक्रांत झोकात करतो. शाहूपुरीच्या ताईंनी सांगितली तशी एक वही आपल्याकडे हवी. मी ती ठेवायला तयार आहे. ज्यांना चालेल त्यांनी गेलेल्या माणसाचं नाव आणि तारीख मला वेगळं कळवावं, यादीवर टाकू नये. आणि गावी फोन करायला तयार असणाऱ्यांनी आपला वार सांगावा. आता घड्याळं मागे गेली आहेत, म्हणजे इथे सकाळचे साडेआठ वाजतात तेव्हा कोल्हापुरात संध्याकाळचे सात, दिवेलागणीची वेळ टळून गेलेली. आई म्हणते, तीच वेळ सगळ्यात जड जाते. सोमवार आणि गुरुवार माझे धरा.

शाहूपुरीच्या ताई, तुमच्या मम्मींचा नंबर मला द्याल का? आईला त्यांच्याशी बोलायचं आहे. त्यांना कमी ऐकू येतं हे मी तिला सांगितलंय. ती म्हणाली, ‘मग मी जाऊनच येते. शाहूपुरी काय लांब आहे व्हय?’