मदत हवी आहे: समुद्रकाठच्या वाळूत ग्राउज (कोंबडीसारखा रानपक्षी) कसा?

अमेरिकेतल्या ओरेगॉन ड्यून्स या किनाऱ्यावरच्या वाळूच्या टेकड्यांत, फ्लोरेन्स गावाच्या दक्षिणेला, सप्टेंबरअखेरीस सकाळी आठला उघड्या वाळूवर ग्राउज दिसला. झाडी तिथून साधारण १५० मीटर. कोंबडीहून लहान, डोक्यावर तुरा, शेपटीवर काळा पट्टा, पण मधल्या दोन पिसांवर तो तुटक. फोटो एकच, तोही पाठमोरा. जवळच पावलांची सरळ रांग आणि वाळूत बशीएवढा खळगा. रफ्ड ग्राउज की सूटी ग्राउज? वाट चुकला असेल तर कुणाला कळवावं का?

प्रतिसाद १
रफ्डच वाटतो. फोटोत शेपटीचं टोक मोठं करून बघा. रफ्डचा काळा पट्टा टोकाच्या किंचित अलीकडे असतो, त्यापुढे फिकट कड आणि वरच्या बाजूला बारीक आडव्या रेघा. सूटीची शेपूट गडद आणि राखाडी पट्टी अगदी टोकालाच. तुटक पट्टा बहुधा मादीचा, पण काही नरांतही दिसतो. तेवढ्यावरून नर-मादी ठरवू नका.

वाट मुळीच चुकलेला नाही. वाळू थोपवायला इथे युरोपियन बीचग्रास हे गवत लावलं गेलं. त्यानं किनाऱ्यालगत वाळूचा उंच बांध उभा राहिला आणि आत येणारी वाळू अडली. बांधामागची वाळू वारा उडवत गेला, थेट ओल लागेपर्यंत. त्या ओलीत विलो, शोअर पाइन ही झाडं रुजली. म्हणजे जंगलच चालत टेकड्यांपर्यंत आलंय! शिवाय शरदात पिल्लं आईपासून फुटून नवी जागा शोधत भटकतात, तेव्हा ती कुठेही दिसतात. कळवायची गरज नाही.

प्रतिसाद २
खळगा धूळस्नानाचा असणार. कोरड्या वाळूत लोळून पिसांतल्या उवा झाडतात. पेषणीसाठी (पोटातला दाणे दळणारा भाग) खडेही तिथेच टिपतात. खळग्यात गळालेलं पीस असेल तर फोटो घ्या. ओळखीला त्याचा फार उपयोग होतो.

ठसा मोजलात का? पट्टी शेजारी ठेवून, कॅमेरा सरळ वरून. ऊन तिरपं असतानाच, कारण दुपारी कडा दिसत नाहीत आणि वारा सुटला की कोरड्या वाळूतला ठसा तासाभरात बुजतो.

प्रश्नकर्ता
ठसा ५ सेंमी. पुढे तीन बोटं, मागे लहानसा टिंब.

प्रतिसाद २
मग ग्राउजच. क्वेलचा (लाव्यासारखा पक्षी) ठसा याहून लहान भरतो, आणि स्नोई प्लोव्हर या किनाऱ्यावरच्या छोट्या पक्ष्याला मागचं बोटच नसतं. ईबर्डवर (पक्षीनोंदींचं संकेतस्थळ) नोंदवताना नकाशावरची खूण वाहनतळाच्या हॉटस्पॉटवर (सगळ्यांसाठी ठरलेली नोंदीची जागा) टाकू नका, नेमक्या जागेवर टाका. नाहीतर नोंद झाडीतली समजली जाईल आणि वाळूचा मुद्दाच हरवेल. शेऱ्यात झाडीपासूनचं अंतर लिहा. पुन्हा शोधायला जाल तर आवाजाची ध्वनिफीत वाजवू नका, झाडीच्या कडेनं सावकाश चाला. मार्चच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत प्लोव्हरच्या घरट्यांसाठी दोर लावलेली कोरडी वाळू बंद असते, तिथे पाऊल नको.