विषय: मोटरहोमचा सांगाडा घरीच नव्याने बांधण्याबाबत

सप्रेम नमस्कार मंडळी,

आमच्या जुन्या मोटरहोमला (राहण्या-झोपण्याची सोय असलेल्या गाडीला) चालकाच्या केबिनवर झोपण्याचा जो कप्पा पुढे आलेला आहे, त्याच्या कोपऱ्यातील प्लायवुड बोटाने दाबले तरी आत जाते आणि त्याच बाजूला खिडकीखाली बाहेरचा ॲल्युमिनियमचा पत्रा फुगलेला दिसतो. आतील पॅनेल उचकटून पाहिले तेव्हा उभ्या लाकडी पट्ट्या काळ्या पडून भुसभुशीत झालेल्या आढळल्या. चॅसी (गाडीचा खालचा लोखंडी पाया), इंजिन आणि गिअरबॉक्स यांत मात्र काहीही दोष नसल्याने गाडी मोडीत काढण्यास मन धजावत नाही.

आमचा बेत असा आहे की भिंती आणि छप्पर एकदाच पूर्ण उतरवावे, लाकडाऐवजी ॲल्युमिनियमच्या चौकोनी नळ्यांचा सांगाडा उभारावा आणि त्यावर नवा पत्रा चढवावा. हे काम ज्यांनी स्वतः केले आहे त्यांनी कृपया सविस्तर मार्गदर्शन करावे.

आपली,
एक सभासद

---

ताई, सप्रेम नमस्कार.

गाडी वाचवण्याचा आपला निर्णय मला मनापासून पटला, परंतु सगळे एकदाच उतरवण्याचा बेत कृपया सोडून द्यावा. या प्रकारच्या बांधणीत लाकडी पट्ट्या फार बारीक असतात. त्यांना बळकटी येते ती बाहेरचा पत्रा आणि आतील प्लायवुड यांच्याशी त्या जखडलेल्या असतात म्हणून. पत्रा काढला की उरलेली चौकट स्वतःच्याच भाराने एका बाजूला कलू लागते, आणि एकदा ती कलली की दरवाजाची आणि खिडक्यांची मूळ मापे कायमची हरवतात. म्हणून एका वेळी एकच भिंत किंवा एकच कोपरा उघडावा, तो पुरता बांधून काढावा आणि मगच पुढचा हाती घ्यावा.

सुरुवातीला गाडी जॅकवर घेऊन चारही बाजूंनी समपातळीत आणावी. त्यानंतर छताच्या आडव्या पट्ट्यांखाली फळी लावून तिला धिरे (टेकू) द्यावेत, आणि धिऱ्यांचे पाय नुसत्या जमिनीच्या प्लायवुडवर न टेकवता खाली चॅसीचे लोखंड जिथून जाते त्या रेषेवर येतील असे पाहावे. दरवाजाच्या आणि खिडकीच्या प्रत्येक चौकटीचे दोन्ही कर्ण मोजून लिहून ठेवावेत, कारण काम संपल्यावर सांगाडा काटकोनात आला की नाही हे तेच आकडे सांगतील. काढलेली प्रत्येक कुजकी पट्टी क्रमांक घालून जपून ठेवावी. अर्धी झडलेली असली तरी नवी पट्टी कापण्यासाठी तिच्याइतका चांगला नमुना दुसरा मिळत नाही.

लाकडाला हात लावण्यापूर्वी पाण्याची वाट शोधावी, आणि या एका गोष्टीबद्दल मी कितीही आग्रह धरला तरी तो कमीच आहे. लाकूड जिथे कुजते तिथूनच पाणी आत आलेले असते असे नाही. ते वरच्या सांध्यातून शिरते, पट्टीच्या अंगाने वाहत जाते आणि खालच्या आडव्या पट्टीवर साचून राहते. आपल्या गाडीत खिडकीखाली फुगवटा आहे म्हणून दोष खिडकीचाच असे गृहीत धरू नये. केबिनवरच्या कप्प्याचा पुढचा वरचा सांधा, तिथले छोटे दिवे, कोपऱ्यांवरील मोल्डिंगचे (सांधा झाकणाऱ्या पट्टीचे) स्क्रू आणि छतावरील झरोक्यांच्या कडा या जागा आधी तपासाव्यात. लाकडातील ओलावा दीर्घकाळ 20 टक्क्यांच्या वर राहिला की बुरशीला पोषक स्थिती तयार होते, म्हणून टोचून मोजणारा ओलावामापक जवळ असणे फार उपयोगाचे ठरते. त्याच्या जोडीला एक दाभण ठेवावी. चांगल्या लाकडात ती कष्टाने शिरते आणि काढताना अडते, तर कुजलेल्या लाकडात सहज आत जाते. धडधाकट लाकूड लागल्यावरही आणखी 30 सेंटीमीटर पुढे तपासून मगच करवत चालवावी.

आता ॲल्युमिनियमच्या सांगाड्याविषयी. ही धातू हलकी आहे आणि कुजत नाही हे खरे, परंतु ती लाकडाच्या हजार पटींहून अधिक वेगाने उष्णता वाहून नेते. थंड हवेत प्रत्येक नळीच्या रेषेवर आतून दव धरते, आणि बाहेरचे पाणी अडवण्यासाठी एवढी मेहनत केल्यावर आतल्या श्वासाच्या वाफेने भिंत ओली होते. नळी आणि पत्रा यांच्यामध्ये उष्णतारोधक थर देणार असाल आणि वेल्डिंगवर हात बसलेला असेल तरच त्या वाटेला जावे, कारण उष्णतासंस्कारित (तापवून बळकट केलेल्या) ॲल्युमिनियम मिश्रधातूची ताकद वेल्डिंगच्या जोडाजवळ बरीच घटते. माझे मत विचाराल तर सरळ रेषांचे, भट्टीत वाळवलेले, हलके लाकूडच वापरावे आणि कापलेल्या प्रत्येक टोकाला इपॉक्सी (घट्ट होऊन पाणी अडवणारी राळ) पाजावी, कारण लाकूड सर्वाधिक पाणी टोकांतूनच पिते. कुजू नये म्हणून तांब्याचे क्षार भरलेले लाकूड मात्र ॲल्युमिनियमच्या पत्र्याला टेकवू नये. ओल मिळताच ते पत्र्याला खाऊ लागते.

जुन्या आणि नव्या पट्ट्या एकमेकींना नुसत्या टोकाला टोक लावून जोडू नयेत. दोन्हींची निम्मी निम्मी जाडी कापून एकीवर दुसरी बसवावी आणि पाण्यात न सुटणाऱ्या पॉलियुरेथेन सरसाने चिकटवून स्क्रू मारावा. रस्त्यावर चॅसी तिरपी पिळली जाते तेव्हा सगळा ताण या सांध्यांवर येतो.

पत्रा बसवताना तो उन्हात वाढतो हे ध्यानात ठेवावे. 6 मीटर लांबीचा ॲल्युमिनियमचा पत्रा तापमानात 50 अंशांचा फरक पडला की सुमारे 7 मिलिमीटरने लांबतो. म्हणून सांध्यांत कडक होणारे काहीही भरू नये. सिलिकॉनही टाळावे, कारण त्याचा पुसट थर जरी उरला तरी पुढच्या वेळी त्यावर दुसरे कोणतेही सीलंट धरत नाही.

कोपऱ्याच्या मोल्डिंगखाली ब्युटाइलची (कायम मऊ राहणाऱ्या चिकट रबराची) पट्टी लावावी. जुना चिकटा खरवडून पत्रा स्पिरिटने पुसून घ्यावा, पट्टी मोल्डिंगच्या पाठीवर सलग लावावी आणि वरपासून खालपर्यंत स्क्रू आधी हलकेच बसवावेत. मग दोन-तीन फेऱ्यांत थोडे थोडे आवळत जावे. ब्युटाइल सावकाश पसरते, म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा आवळावे. दोन्ही कडांनी ते सलग ओघळासारखे बाहेर आले म्हणजे आत पोकळी राहिलेली नाही असे समजावे. जिथे ते बाहेर आले नाही तिथे मोल्डिंग काढून पुन्हा लावावे. बाहेर आलेला भाग प्लास्टिकच्या पात्याने कापून टाकावा, धातूच्या नव्हे.

आपला,
एक ज्येष्ठ सभासद

---

नमस्कार ताई, नमस्कार काका.

काकांनी लिहिलेल्या सर्व मुद्द्यांशी मी सहमत आहे. मी केवळ वजनाबद्दल लिहितो, कारण घरी केलेल्या पुनर्बांधणीत बळकटीच्या नावाखाली गाडी जड होत जाते.

18 मिलिमीटर जाडीचे प्लायवुड दर चौरस मीटरला साधारण 10 ते 12 किलो भरते, तर 6 मिलिमीटरचे सुमारे 4 किलो. पातळ पॅनेलच्या जागी हाताला लागेल ते जाड प्लायवुड बसवत गेले की प्रवासी, पाणी आणि सामान यांच्यासाठी राखलेली क्षमता भिंतीच खाऊन टाकतात. काम सुरू करण्यापूर्वी गाडी काट्यावर नेऊन पुढचा आणि मागचा अ‍ॅक्सल (चाकांचा आस) वेगवेगळा तोलून घ्यावा, आणि काम संपल्यावर पुन्हा तोलावा.

वजन कुठे वाढले यालाही तितकेच महत्त्व आहे. पुढील आणि मागील अ‍ॅक्सलमध्ये 4 मीटर अंतर असेल आणि मागील अ‍ॅक्सलच्या 2 मीटर मागे आपण 100 किलोची भर घातली, तर मागील अ‍ॅक्सलवर 150 किलो वाढतात आणि पुढील अ‍ॅक्सलवरचे 50 किलो कमी होतात. स्टिअरिंगची पकड पुढच्या चाकांवर अवलंबून असल्याने ही बाब सुरक्षिततेची आहे.

याखेरीज सीट बेल्ट ज्या ठिकाणी गाडीला जखडलेले आहेत ते भाग, गॅसची नळी आणि मुख्य विजेची जोडणी यांना स्वतः हात घालू नये. भिंत उघडताना ते सोडवावे लागलेच, तर पुन्हा जोडल्यावर पात्र तंत्रज्ञाकडून तपासून घ्यावे.

आपला,
एक सभासद

---

काका आणि दादा, मनःपूर्वक आभार.

एका वेळी एकच भिंत घेण्याचे आम्ही ठरवले आहे आणि लाकूडच वापरणार आहोत. फुगलेला भाग सोडल्यास बाहेरचा पत्रा चांगला आहे. तो तसाच ठेवून आतल्या बाजूने सांगाडा बदलता येईल का? आणि पट्ट्यांमधील पोकळीत काय भरावे?

आपली,
एक सभासद

---

ताई, नमस्कार.

अवश्य येईल, आणि पत्रा सुस्थितीत असेल तर तीच पद्धत मी सुचवेन, कारण पत्रा जागेवर राहिला की भिंतीचा आकार टिकतो. फुगलेल्या जागी मात्र तो आतून नीट पाहावा. पांढरी भुकटी दिसली किंवा प्रकाशात टाचणीएवढी भोके दिसली तर तेवढा पत्रा बदलावाच लागेल. आतून काम केले तरी बाहेरची सर्व मोल्डिंगे काढून सांधे नव्याने भरणे चुकत नाही. ते टाळले तर नवे लाकूडही जुन्याच्याच मार्गाने जाईल. कुजका भुसा काढताना बुरशीचे कण उडतात, म्हणून चांगला मास्क लावूनच काम करावे.

पोकळीत काचतंतूंची लोकर भरू नये. गाडीच्या हादऱ्यांनी ती खाली बसते आणि एकदा भिजली की ओल धरून ठेवते. पॉलिस्टायरिनचे कठीण तक्ते पोकळीच्या मापाने घट्ट बसतील असे कापावेत आणि कडेच्या फटी फोमने बुजवाव्यात.

आतील पॅनेल लावण्याची घाई करू नये. आधी पाण्याची परीक्षा घ्यावी: एकाने बाहेरून नळीचे पाणी सर्वांत खालच्या सांध्यावर काही मिनिटे सोडावे आणि मग एकेक सांधा वर सरकत जावे, तर दुसऱ्याने आत बॅटरी घेऊन प्रत्येक पट्टीवर लक्ष ठेवावे. वरून सुरुवात केली तर पाणी सगळ्याच सांध्यांवरून वाहते आणि दोष कोणत्या सांध्यात आहे ते कळत नाही. या परीक्षेत भिंत कोरडी राहिली, त्यानंतर एखादा मोठा पाऊस झाला आणि ओलावामापकाचा आकडाही वाढला नाही, म्हणजे पॅनेल बसवण्यास हरकत नाही.

आपला,
एक ज्येष्ठ सभासद