अंगावरून वारं गेल्यानंतरचे साडेचार तास

घाटवाट:
माझे मामा कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगड तालुक्यातले. पहाटे पाचला त्यांच्या अंगावरून वारं गेलं. तोंड वाकडं झालं, उजवा हात उचलेना. घरच्यांनी आधी तेल चोळलं. मग गाडी शोधली. पहिल्या दवाखान्यात सीटी स्कॅन नव्हता. दुसऱ्यात मशीन होतं, पण ते चालवणारा यायचा होता. स्कॅन झाला तेव्हा दुपारचा एक वाजला होता. मेंदूत गुठळी निघाली. ती विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्याआधी स्कॅन हवाच, कारण मेंदूत रक्तस्राव असेल तर तेच औषध जीव घेतं. मामा आता काठीवर चालतात. माझं नाव घेताना त्यांची जीभ अडखळते.

हा नशिबाचा दोष नव्हता, नियोजनच नव्हतं. जिल्ह्यातल्या बाराही तालुक्यांसाठी लकव्याचा पेशंट रात्री-अपरात्री नेमका कुठं न्यायचा हे आधीच ठरलेलं असायला हवं, आणि 108 च्या गाडीनं तिथंच न्यायला हवं. चंदगडकराला बेळगाव जवळ पडतं, तर तेही धरा. हिमाचलसारख्या डोंगराळ राज्यानं 2014 पासून जिल्हा रुग्णालयात स्कॅन काढून मोबाईलवरून तज्ज्ञाला दाखवायचा आणि इंजेक्शन तिथंच द्यायचं, अशी सोय केली. मग आपल्याला काय अडचण आहे? आणि लकवा मुळात होऊच नये म्हणून सरकारनं खाण्याच्या पदार्थांतल्या मिठावरही नियम आणावा.

तालीमकर:
मामांचं वाचून वाईट वाटलं. पण प्रत्येक गोष्ट सरकारच्या गळ्यात का? तंबाखू मळणारा हात आपला, जेवताना वरून मीठ घेणारा हातही आपलाच. गुटखाबंदी 2012 ला झाली, तरी पुडी मिळतेच ना? केंद्राचा बीपी-शुगरचा कार्यक्रम 2010 पासून आहे. कागद वाढवून तब्येत सुधारत नाही. माणसाला शिस्त लागली पाहिजे.

घाटवाट:
शिस्त हवीच. पण शाहू महाराजांनी 1917 ला प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड लावला. 'ज्याला शिकायचंय तो शिकेल' म्हणून ते थांबले असते, तर तुमच्या-माझ्या आज्याला अक्षरओळख झाली असती का? गुटख्याची बंदी नीट राबवली जात नाही, ही बंदी चुकीची असल्याची खूण नव्हे.

उपकेंद्रवाली:
मी आशा म्हणून काम करते. तुम्ही दोघं इंजेक्शन आणि शिस्तीवर भांडताय, मला रोज दिसतं ते वेगळंच. बीपी 140/90 च्या वर गेलेली माणसं माझ्या वहीत आहेत. त्यांना काहीच होत नसतं, म्हणून गोळी पटत नाही. मोठ्या मुश्किलीनं एखादा सुरू करतो, दोन महिने घेतो आणि नेमका तेव्हाच साठा संपतो. 'पुढच्या आठवड्यात या' म्हटलं की तो परत येत नाही. ऊसतोडीला गेलेला माणूस तर सहा महिने दिसतच नाही. तमिळनाडूनं 2021 पासून बीपी-शुगरच्या गोळ्या घरपोच सुरू केल्या. मला मशीनपेक्षा आधी हे हवंय: एका वेळी पुरेल इतकी गोळी, आणि कुठल्याही गावच्या केंद्रात दाखवता येईल असं कार्ड. मामांना बीपी होतं हे आधी माहीत होतं का?

घाटवाट:
नाही. त्याच दिवशी कळलं. तुमचं म्हणणं मान्य, माझ्या मागणीत तेच आधी यायला हवं होतं.

पापडवाली:
मिठावर नियम आणाल तर आधी विचार करा. आमच्या बचत गटात बारा जणी पापड-लोणची करतो. मोठ्या कंपन्या प्रयोगशाळेचा खर्च पेलतील, आम्ही मरू.

उपकेंद्रवाली:
ताई, जागतिक आरोग्य संघटना दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते. नियम मोठ्या कारखान्यांच्या पाकिटावर आधी यावा, ठळक अक्षरात, दर्शनी बाजूला. तेल-वनस्पती तुपातल्या ट्रान्स फॅटवर, म्हणजे हृदयाला घातक चरबीवर, 2022 पासून 2 टक्क्यांची मर्यादा आली, ती अशी कारखान्यातच बसली. छोट्या गटांना तपासणी सरकारनं फुकट करून द्यावी, हे मीही मागेन.

तालीमकर:
गोळी आणि गाडीचं पटलं. मिठाच्या नियमाला माझा विरोध कायम. माणसानं काय खावं हे मुंबईहून ठरू नये.

घाटवाट:
तुमचा विरोध राहू द्या. येत्या ग्रामसभेत मी एवढंच मांडणार आहे: रात्री स्कॅन कुठं चालू असतो, त्या दवाखान्याचं नाव आणि नंबर चावडीवर रंगवा. खाली लिहा, तोंड वाकडं, हात लुळा, बोलणं बोबडं झालं की तेल चोळू नका, 108 लावा.