प्रतिसाद: ऑपरेटर ओव्हरलोड केले की झाली भाषा?

‘ऑपरेटर ओव्हरलोड केले (म्हणजे +, * सारख्या चिन्हांना आपला अर्थ दिला) की सी++ मध्ये आपली भाषा तयार’ असं वर कुणीतरी म्हटलंय. अर्धंच खरं आहे. चिन्हाचा अर्थ बदलता येतो, अग्रक्रम (कोणतं चिन्ह आधी लागू होतं तो क्रम) नाही. इथे सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका कारखानदारासाठी मी चादरीच्या नक्षीची छोटी भाषा केली होती. त्यात ‘काठ >> बुट्टा * 12’ लिहिलं की बुट्टाच 12 वेळा येतो, काठ एकदाच. दोन्ही मिळून 12 वेळा हवं तर कंस टाकण्याशिवाय इलाज नाही. ‘बूस्ट स्पिरिट’ या पार्सर (मजकुराची रचना ओळखणाऱ्या) लायब्ररीतही पुनरावृत्तीचा तारा पदाच्या आधी येतो, कारण सी++ मध्ये मागे लागणारा तारा नाहीच.

पण खरा घोळ ‘ऑटो’ने (व्हेरिएबलचा प्रकार कंपायलरलाच ठरवू देणारा शब्द) केला. मी वापरलेल्या ‘एक्स्प्रेशन टेम्प्लेट’ पद्धतीत >> लगेच काही करत नाही, फक्त पदावलीचं झाड बांधतं, हिशोब नंतर. मी फांद्या रेफरन्सने (प्रत न करता, मूळ ऑब्जेक्टकडे नुसतं बोट दाखवून) धरल्या आणि झाड ‘ऑटो’त ठेवलं. ओळ संपली, तात्पुरते ऑब्जेक्ट गेले, फांद्या मात्र तिकडेच बोट दाखवत राहिल्या. डीबग बिल्डमध्ये नक्षी झकास, ऑप्टिमायझेशन लावलं की बुट्ट्याच्या जागी कचरा! दोन रात्री गेल्या राव. आता फांद्या सरळ व्हॅल्यूने, म्हणजे प्रत करून, ठेवतो. ‘आयगेन’ या मॅट्रिक्स-गणिताच्या सी++ लायब्ररीच्या मार्गदर्शिकेतही ‘ऑटो’बद्दल असाच इशारा आहे, तो मी नंतर वाचला.

टेम्प्लेटच्या लांबलचक एरर मेसेजचं रडगाणं सी++20 च्या कन्सेप्ट्समुळे (टेम्प्लेटला कसा प्रकार चालेल ते आधीच सांगणाऱ्या अटी) बरंच कमी झालंय.