काम आवडते, पण सहकाऱ्यांमुळे नोकरी सोडावीशी वाटते. काय करावे?

प्रश्न

गेली सात वर्षे मी एका संस्थेच्या लेखा विभागात काम करते. काम मनापासून आवडते; महिनाअखेरीस सगळे आकडे जुळले की जो आनंद होतो, तो मला दुसऱ्या कशातून मिळालेला नाही. अडचण आहे ती माझ्याच विभागातील दोन सहकाऱ्यांची. आठ महिन्यांपूर्वी विभागाची फेररचना झाली, त्यांच्यापैकी एकाला हवे असलेले काम माझ्याकडे आले, आणि तेव्हापासून वातावरण बिघडत गेले आहे.

एक प्रसंग सांगते. गेल्या महिन्यात आढावा बैठकीची वेळ अकराऐवजी दहा करण्यात आली आणि ते मी सोडून सर्वांना कळवले गेले. मी वही घेऊन पोहोचले, तेव्हा मंडळी खुर्च्या सरकवून उठत होती. "अहो, तुम्हाला निरोप नव्हता का मिळाला?" असे त्यांच्यापैकी एकाने सर्वांसमोर हसत विचारले. सामायिक तक्त्यातील माझ्या नोंदी बदललेल्या आढळतात, आणि चूक मात्र माझ्या नावावर वरिष्ठांपर्यंत पोहोचते. मी खोलीत शिरले की चाललेले बोलणे थांबते. वरिष्ठांच्या कानावर एकदा जाता जाता घातले, तर "आपापसात मिटवा" एवढेच उत्तर मिळाले.

राजीनाम्याचा मसुदा तयार आहे. दर रविवारी संध्याकाळी तो उघडते, एखादा शब्द बदलते आणि बंद करते. आवडते काम केवळ माणसांपायी सोडणे शहाणपणाचे आहे का, आणि हे ठरवताना नेमके काय तपासावे?

प्रतिसाद १

आपण सांगितलेल्या तीन गोष्टी एकाच वजनाच्या नाहीत, असे मला वाटते. आपण आल्यावर बोलणे थांबणे हे मनाला लागणारे आहे, पण त्याने आपले काम अडत नाही. बैठकीची वेळ न कळवणे आणि नोंदी बदलणे या गोष्टी मात्र थेट कामावर आणि आपल्या नावावर येतात. पहिल्या प्रकाराकडे कानाडोळा करता येतो, दुसऱ्याकडे करू नये.

हाइन्झ लेमान या स्वीडनमधील मानसशास्त्रज्ञांनी १९८०च्या दशकात कामाच्या ठिकाणी होणाऱ्या सामूहिक छळाचा अभ्यास केला. साधी कुरबूर आणि छळ यांत फरक करण्यासाठी त्यांनी धरलेली मोजपट्टी अशी, की असे वागणे आठवड्यातून किमान एकदा आणि किमान सहा महिने चाललेले असावे. आपले आठ महिने झाले आहेत, पण दर आठवड्याला काय घडले हे आपल्याला आज सांगता येईल का? नसेल, तर आजपासून टिपण ठेवा: तारीख, वेळ, काय घडले, कोण हजर होते, कामावर काय परिणाम झाला. विशेषणे टाळा. "मुद्दाम अपमान केला" हे आपले मत झाले. "वेळ बदलल्याचा संदेश सहा जणांना गेला, मला गेला नाही" ही नोंद झाली. सामायिक तक्त्याचा बदल-इतिहास बहुतेक प्रणालींमध्ये पाहता येतो आणि कोणी केव्हा काय बदलले ते त्यात दिसते. तो आधी पाहा, कारण नोंदी त्यांनीच बदलल्या असे आपण धरून चालला आहात आणि कदाचित तसे नसेलही.

प्रतिसाद २

मी अशाच कारणाने नोकरी सोडली होती, म्हणून लिहितो. नव्या ठिकाणी माणसे चांगली होती, कोणी वाकड्यात शिरत नव्हते, आणि तरीही वर्षभरात मी कंटाळलो, कारण तिथल्या कामात माझे मन नव्हते. मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी १९५९मध्ये मांडलेल्या विचारात याचे उत्तर मला पुढे सापडले: सहकाऱ्यांशी असलेले संबंध बिघडले तर माणूस असमाधानी होतो, पण ते नुसते चांगले असल्याने समाधानी होतोच असे नाही, समाधान बहुतांशी कामातून येते. आपल्याला काम आवडते, ही म्हणूनच सहज सोडून देण्याजोगी गोष्ट नव्हे. आगीतून फुफाट्यात पडणे म्हणतात ते दर वेळी वाईट माणसांमुळेच घडते असे नाही.

आणखी एक कबुली देतो. जुन्या ठिकाणी मी एकदाही कोणाला तोंडावर "हे मला चालणार नाही" असे म्हटले नव्हते. दोन वर्षे गप्प राहिलो आणि शेवटच्या दिवशी मनुष्यबळ विभागाच्या मुलाखतीत तासभर बोललो. समोरच्या बाईंनी सगळे लिहून घेतले आणि शांतपणे विचारले, "हे आधी का नाही सांगितलेत?" त्यांचा तो प्रश्न मला तेव्हा उद्धट वाटला होता, आज वाटत नाही.

प्रतिसाद ३

व्यवहाराचे थोडक्यात सांगतो. हातात दुसरे नियुक्तिपत्र असल्याशिवाय मसुदा पाठवू नका. सध्याच्या नियुक्तिपत्रातील सूचना-कालावधीचे (सोडण्यापूर्वी किती दिवस आधी कळवायचे याचे) कलम, शिल्लक रजा आणि येणे बाकी आताच तपासून ठेवा. मुलाखतीत सोडण्याचे कारण विचारतील, तेव्हा सहकाऱ्यांविषयी एक शब्दही काढू नका. नवा मालक त्यावरून सहकाऱ्यांबद्दल कमी आणि आपल्याबद्दल अधिक अंदाज बांधतो.

प्रतिसाद ४

प्रतिसाद १मधील मोजपट्टीबाबत थोडे असहमत आहे. ती अभ्यासासाठी उपयोगी आहे, पण सहा महिने भरेपर्यंत कोणी वाट पाहावी, असा तिचा अर्थ लावला जाऊ नये. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०१९मध्ये स्वीकारलेल्या १९० क्रमांकाच्या करारात छळाची व्याख्या करताना एकदा घडलेले किंवा वारंवार घडणारे, असे दोन्ही प्रकारचे वर्तन गृहीत धरले आहे.

मी सोसण्याचे कौतुक करणाऱ्यांपैकी नाही. झोप उडाली असेल, रविवारी दुपारपासूनच पोटात गोळा येत असेल, घरच्यांवर विनाकारण चिडचिड होत असेल, तर हिशेब वेगळा होतो आणि आवडते काम ही सबब अपुरी पडते. तशी वेळ आली असेल तर डॉक्टरांना भेटा आणि सोडण्याची तयारी आजपासून करा.

तसे नसेल, तर आपण एक पायरी गाळली आहे, असे मला दिसते. अर्थशास्त्रज्ञ आल्बर्ट हर्शमन यांनी १९७०मध्ये मांडले होते, की एखादी संस्था बिघडू लागली की तिच्यातील माणसासमोर मुख्यतः दोन वाटा असतात, बाहेर पडणे किंवा आवाज उठवणे. आपण बाहेर पडण्याचा मसुदा वारंवार सुधारत आहात, आवाजाचा मसुदा मात्र लिहिलेलाच नाही. जाता जाता कानावर घालणे म्हणजे तक्रार नव्हे. त्यावर "आपापसात मिटवा" हेच उत्तर येणार. लेखी द्या, दोन-तीनच प्रसंग द्या, आणि "त्यांना समज द्या" असे न म्हणता "बैठकीची सूचना सर्वांना एकत्र जावी, माझ्या नोंदींत बदल करण्याचा अधिकार मर्यादित असावा" अशी करता येण्याजोगी मागणी करा. ते दोघे किती वाईट आहेत यावर आपला निर्णय टांगलेला नाही. अधिकारात असलेली माणसे लेखी सांगितल्यावर काय करतात, त्यावर तो आहे. त्यांनी काहीच केले नाही, तर आपण सहकाऱ्यांमुळे सोडत आहात असे म्हणण्याचेही कारण उरणार नाही, कारण मग आपण त्या संस्थेलाच सोडत असाल.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

सर्वांची आभारी आहे. झोप ठीक आहे, त्यामुळे आधी लेखी सांगण्याचा मार्ग घेतला. त्यापूर्वी तक्त्याचा बदल-इतिहास पाहिला आणि थोडी ओशाळले: पाच बदलांपैकी दोन त्यांनी केलेले होते, दोन तिसऱ्याच एका नवख्या सहकाऱ्याकडून चुकून झालेले होते आणि एक चक्क माझा स्वतःचा होता. म्हणून पत्रात त्यांचे दोनच लिहिले, शिवाय बैठकीचा प्रसंग. वरिष्ठांनी पत्र माझ्यासमोरच वाचले, दुसरे पान पुन्हा वाचले, आणि "आपापसात" हा शब्द या वेळी उच्चारला नाही. माझ्या नोंदींना कुलूप लावण्याचे काम तांत्रिक विभागाकडे गेले आहे. बैठकीच्या सूचनेबद्दल ते काही बोलले नाहीत, म्हणून तेवढ्यासाठी पुन्हा लिहिणार आहे. त्या दोघांचे बोलणे मी आल्यावर अजूनही थांबते. राजीनाम्याचा मसुदा ठेवला आहे, पण या रविवारी उघडला नाही. त्या वेळात एका ठिकाणी अर्ज मात्र पाठवला.