सेल्फ फिरतो, इंजिन पकडत नाही, चावीचा दिवा लुकलुकतो. ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) बदलावा का?

वाशिष्ठीकाठचा

मंडळी, नमस्कार. गाडी २०१४ची पेट्रोल हॅचबॅक, साधी चावीवाली, बटणाची नाही. पाऊस लागल्यापासून सकाळी चावी फिरवली की सेल्फ जोरात फिरतो, पण इंजिन काही पकडत नाही. मीटरमध्ये गाडी-चावीचं चित्र असलेला दिवा सारखा लुकलुकत राहतो. दुपारी जरा ऊन पडलं की पहिल्या सेल्फला चालू, जणू काही झालंच नव्हतं. उतारावरून ढकलून गिअर टाकून पाहिला, त्यानेही नाही.

गॅरेजवाल्यांनी घरी येऊन स्कॅनर लावला, यू०१६७ असा कोड आला. म्हणाले ईसीएम गेला, नवा टाकून चाव्या जुळवायच्या, पस्तीसेक हजार धरून चाला. बाबांना दर आठवड्याला डेरवणला न्यायचं असतं, त्यामुळे गाडी अशी बेभरवशाची ठेवून चालणार नाही. तर बदलू का ईसीएम? की आधी दुसऱ्या कुणाला दाखवू?

प्राजक्ता_कोथरूड

दादा, पैसे देण्याआधी दुसऱ्या चावीने चालू करून बघा. कपाटात पडलेली असेल ती. आणि चावी एकटीच घ्या, जुडग्यात नको. माझ्या गाडीत हाच दिवा लुकलुकायचा आणि कारण निघालं चावीच्या रिंगला अडकवलेलं ऑफिसच्या दाराचं कार्ड. दोन चिपवाल्या चाव्या एकाच रिंगमध्ये असल्या तरी कधीकधी असंच होतं.

रिमोटचा सेल बदला असं कुणी सांगेल. साध्या चावीच्या गाडीत त्याचा इंजिनशी संबंध नाही, सेल दारं उघडायला लागतो. चिपला सेल नसतोच.

खवचट_काका

कशाला एवढी डोकेफोड? ते इमोबिलायझर, म्हणजे खरी चावी ओळखल्याशिवाय इंजिन चालू न देणारं प्रकरणच उडवून टाका. आमच्याकडे एक पोरगा लॅपटॉप लावून तासाभरात देतो करून. आमच्या पद्मिनीला कुठे होती चिप?

वायरमन_सांगलीकर

काका, पद्मिनी पेचकसाने पण चालू व्हायची, म्हणून तर हे आलं.

धागेवाले साहेब, ईसीएम बदलू नका. निदान आत्ता तरी नको. तुम्ही दिलेल्या कोडमध्येच उत्तर आहे. यू०१६७ म्हणजे "इमोबिलायझरशी बोलणं तुटलं". आता ही तक्रार करतंय कोण? ईसीएमच ना! तो मेलेला असता तर स्कॅनरला उत्तरच आलं नसतं, आणि इग्निशन ऑन केल्यावर चेक इंजिनचा दिवाही बहुधा लागला नसता. तो जागा आहे, त्याला पलीकडून आवाज येत नाही एवढंच.

मामला कसा चालतो ते सांगतो. इग्निशनच्या कुलपाभोवती तांब्याच्या तारेची एक रिंग असते, तिला आम्ही अँटेना कॉइल म्हणतो. इग्निशन ऑन केलं की ती १२५ किलोहर्ट्झची लहर सोडते, त्याच लहरीवर चावीतली चिप जागी होते आणि आपला नंबर सांगते. इमोबिलायझरचा डबा तो नंबर ताडून ईसीएमला "माणूस घरचा आहे" असं कळवतो. तो निरोप पोचला नाही तर ईसीएम पेट्रोल किंवा करंट सोडत नाही. म्हणून तुमचा सेल्फ फिरतो आणि पुढे काही नाही. ढकलून चालू न होण्याचं कारणही हेच. काही गाड्या सेकंदभर चालू होऊन बंद पडतात, काहींत सेल्फच अडवलेला असतो, पण साखळी हीच.

चावीची चिप ओळखली गेली नसती तर साधारण पी०५१३ किंवा कंपनीचा स्वतःचा तसा कोड मिळतो. तुमचा कोड वेगळा आहे, तरी प्राजक्ताताईंनी सांगितलेली चाचणी फुकटची आहे, ती कराच. सोबत बॅटरीचे व्होल्ट मोजा. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर १२.५च्या आसपास हवेत. सेल्फ मारताना १०च्या खाली जात असतील तर हे सगळे डबे वेड्यासारखे वागतात, आणि मग कुठल्याच कोडवर विश्वास ठेवू नये.

खरा धागा मला पावसात दिसतोय. सकाळी बंद, उन्हात चालू. चिप किंवा ईसीएम असं हवामान बघून बिघडत नाहीत सहसा, कपलर, म्हणजे वायरी जोडणारे प्लग, बिघडतात. पुढच्या सीटखालचं कार्पेट हाताने दाबून बघा, ओलं लागतंय का?

एक विचारायचं राहिलं. मागून बसवलेलं जीपीएस किंवा सेंट्रल लॉकिंग आहे का? त्यांचे रिले कुठे जोडलेत ते आधी शोधावं लागतं. निम्म्या भानगडी तिथेच.

वाशिष्ठीकाठचा

बाहेरून काहीही बसवलेलं नाही. बॅटरी १२.६, सेल्फ मारताना १०.८. दुसऱ्या, एकट्या चावीनेही तोच दिवा, तेच रडगाणं.

आणि कार्पेट ओलं आहे! डाव्या बाजूचं, ग्लोव्ह बॉक्सखालचं. वरून कळतच नाही, दाबलं की पाणी येतं. कुबट वास येत होता, मी पावसाळ्यावर ढकलत होतो.

वायरमन_सांगलीकर

मग चावी बाजूला ठेवा, बॅटरीही. बोनेट उघडून वायपरखालची जाळी बघा. झाडाखाली गाडी लावत असाल तर पानांनी तिथली भोकं बुजतात आणि पाणी ब्लोअरमधून आत उतरतं. एसीच्या पाण्याची नळीही तपासा.

मग बॅटरीची निगेटिव्ह काढून ग्लोव्ह बॉक्स खोला. तुमच्या मॉडेलमध्ये इमोबिलायझर वेगळा आहे की बॉडी कंट्रोलच्या (दिवे, लॉक वगैरे सांभाळणाऱ्या) डब्यातच, ते वायरिंगच्या नकाशात बघावं लागेल. ओल्या बाजूचे सगळे कपलर काढून पिना बघा. खाऱ्या हवेत काय सापडेल ते सांगायला नको.

वाशिष्ठीकाठचा

जाळीखाली आंब्याच्या पानांचा अक्षरशः चिखल होता. ग्लोव्ह बॉक्समागच्या एका पांढऱ्या कपलरमध्ये दोन पिनांवर हिरवी पूड जमलीय. एकीची वायर जरा ओढली तर सरळ हातात आली, आतलं तांबं काळं पडलंय. फोटो टाकलाय.

वायरमन_सांगलीकर

सापडला चोर. आता नुसता स्प्रे मारून परत लावू नका, चार दिवस चालेल आणि भर पावसात घाटात दगा देईल. काळी वायर स्वच्छ तांबं लागेपर्यंत मागे कापायची, दोन्ही टर्मिनल नवीन क्रिंप करायचे, म्हणजे वायरीवर दाबून पक्के बसवायचे. समोरच्या डब्याच्या पिनाही साफ करून घ्या. पाण्याची वाट बंद झाल्याशिवाय कार्पेट परत टाकू नका.

माणूस निवडताना एकच बघा. मल्टिमीटर हातात घेऊन सप्लाय आणि अर्थिंग मोजतो का. आल्याआल्या पार्टची किंमत सांगणारा नको. तुमच्याकडे बस-ट्रकचं वायरिंग करणारे जुने ऑटो इलेक्ट्रिशियन असतील, हे काम त्यांच्या हातचं आहे. ट्रायल म्हणून दुसऱ्या गाडीचा ईसीएम लावू देऊ नका. त्याची आणि तुमच्या इमोबिलायझरची ओळख नसते, त्यामुळे गाडी तशीही चालू होणार नाही आणि निष्कर्ष चुकीचा निघेल.

प्राजक्ता_कोथरूड

काकांच्या बायपासबद्दल राहिलंच. गाडी चोरीला गेली तर विमावाले क्लेमच्या वेळी सहसा दोन्ही चाव्या मागतात. इमोबिलायझर काढून टाकल्याचं कळलं तर वाद घालायला त्यांना आयतं निमित्त.

खवचट_काका

बरं बाई, नाही उडवत. पण पस्तीस हजार वाचले ना? मग वायरमनला चिपळूणहून आंब्याची पेटी पाठवा, पानं नकोत.

वाशिष्ठीकाठचा

काका, हंगाम संपला, पेटी पुढच्या मे महिन्यात. बस स्टँडमागच्या एका इलेक्ट्रिशियनकडे उद्या सकाळी गाडी टोचन करून नेतोय, फोनवर त्यांनी पहिला प्रश्न "पाणी आत येतंय का?" हाच विचारला. दुरुस्तीनंतर कोड पुसून पुन्हा स्कॅन करायला सांगतो आणि काय निघालं ते इथेच लिहितो.