'तिणै'ला मराठीत काय म्हणावं?

ओसरी
चेन्नईत तमिळ घेऊन एम.ए. करते आहे. एका पेपरात संगम कविता, म्हणजे सर्वांत जुन्या तमिळ कविता, आहेत. वर्गातली पद्धत ठरलेली: कविता आधी मोठ्यानं म्हणायची, मग संधी सोडवून पदं सुटी करायची, मग उरै, म्हणजे जुनी टीका. शेवटी तिणै, म्हणजे ढोबळमानानं स्थळ आणि भाव यांच्या मेळातून ठरणारा कवितेचा वर्ग, ओळखायची आणि कशावरून ओळखली ते सांगायचं. टिपणं मी मराठीत काढते आणि नेमकी इथेच अडते. 'भूभाग' लिहिलं तर भूगोलाचा तास वाटतो, 'भावभूमी' लिहिलं तर दिवाळी अंकातला लेख. ए. के. रामानुजन यांच्या इंग्रजी अनुवादांपासून रूढ झालेलं 'लँडस्केप' तर नकोच. सुचवा काहीतरी.

मुलूखगिरी
'मुलूख' घ्या की सरळ. कुरिंजी म्हणजे डोंगर, मुल्लै म्हणजे रान आणि कुरणं, मरुदम भातशेती, नेय्दल समुद्रकाठ, पालै उजाड माळ. डोंगरात भेट, रानात वाट पाहणं, शेतीच्या मुलखात रुसवा, किनाऱ्यावर झुरणं, माळावर ताटातूट. पाच मुलूख, पाच भाव. झालं काम.

जुनी वही
नाही झालं. तोलकाप्पियम या जुन्या तमिळ व्याकरणग्रंथाच्या पोरुळदिकारमात, म्हणजे काव्यविषयाच्या भागात, अगम कवितेच्या, म्हणजे प्रेमकवितेच्या, तिणै सात मोजल्या आहेत. पाच तुम्ही सांगितल्यात. उरल्या कैक्किळै, म्हणजे एकतर्फी प्रेम, आणि पेरुंतिणै, म्हणजे विजोड प्रेम. या दोघींच्या नावावर जमिनीचा तुकडाही नाही. पुरम कवितेत, म्हणजे राजे, लढाया, दानधर्म यांच्या कवितेत, गुरं पळवून आणण्याची वेट्ची आहे, समोरासमोरच्या लढाईची तुंबै आहे. नावं फुलांची, पण त्याही तिणैच. मुलूख कुठे बसवणार त्यांत?
आणि पालैचं तर शिलप्पदिकारम या तमिळ महाकाव्यात स्वच्छ सांगितलंय: मुल्लै आणि कुरिंजी उन्हानं करपल्या की त्यांचंच पालै होतं. म्हणजे तीही मुळात वेगळी जमीन नव्हे.

कारवी
ओसरी, एखादी कविता घेऊनच बघा ना. कुरुंतोगै या संगम कवितासंग्रहातली तिसरी अगदी छोटी आहे. नायिका म्हणते (भाषांतर माझं, ओबडधोबड): 'जमिनीहून मोठं, आभाळाहून उंच, पाण्याहून अथांग आहे त्याच्याशी माझं नातं, ज्याच्या मुलखात उतारावरच्या काळ्या दांड्याच्या कुरिंजी फुलांतून दाट मध घडतो.' यात उतार हे स्थळ, म्हणजे मुदल (काळही मुदलातच मोजतात). फूल आणि मध हे करु, त्या ठिकाणचं आपलं असं सगळं: देव, पक्षी, झाडं, धान्य, वाद्य, लोकांचे उद्योग. आणि जडलेलं नातं हे उरि, म्हणजे भाव. नायिका भेटीबद्दल चकार शब्द काढत नाही. मधमाश्यांचं काम सांगते आणि थांबते. मला तर त्या मधातच सगळी कविता दिसते. ही तीन पदरी वीण म्हणजे तिणै. त्यातला एकच पदर उचलून तुम्ही 'मुलूख' म्हणताय.
अवांतर: नीलगिरीतली कुरिंजी बारा वर्षांनी फुलते. आपल्या सह्याद्रीतली कारवी तिची जवळची नातेवाईक, ती सात-आठ वर्षांनी. कारवीचा मध चाखलेल्यांना ही कविता जास्त लवकर कळेल, असा माझा (नाव बघता पक्षपाती) अंदाज.

तंजावूरचा
घरी मराठी, शाळेत तमिळ अशी आमची जात, म्हणून दोन शब्द. शाळेत तिणै पहिल्यांदा भेटते ती कवितेत नव्हे, व्याकरणात. उयर्तिणै म्हणजे माणसं आणि देव, अह्रिणै म्हणजे बाकी सगळं. त्यावर क्रियापदाचं रूप ठरतं. मद्रास विद्यापीठाच्या तमिळ कोशात या शब्दाला जमीन, ठिकाण, घर, कुळ, वर्तन असे अर्थ आहेत. जुने टीकाकार 'ओळुक्कम' म्हणतात, म्हणजे वागण्याची रीत. माझं मत 'रीत'ला.
आणि न-ण सांभाळा! 'तिनै' म्हणजे राळा. कुरिंजीच्या कवितांत नायिका राळ्याच्या शेतावर पोपट हाकत बसलेली असते, तेव्हा एकाच उत्तरात दोन्ही शब्द येणार. मराठी माणसाला हा फरक ऐकू येतो आणि लिहिताही येतो, त्याचा फायदा घ्या. (तमिळ या नावातला ळ हा खरा ळ नव्हेच, तो ऴ. पण ते भांडण वेगळ्या धाग्यावर.)

मुलूखगिरी
बरं, मुलूख मागे घेतला. पण 'रीत' म्हटल्यावर डोंगर कुठे गेला?

जुनी वही
तोच घोळ आहे. आपल्या परंपरेत तयार शब्द सापडावा अशी एकच जागा, ती म्हणजे हालाची गाथासप्तशती. महाराष्ट्री प्राकृत, छोट्या प्रेमकविता, बोलणारी बहुतेकदा बाई, ऐकणारी सखी, प्रवासाला गेलेला नवरा. तमिळचे अभ्यासक जॉर्ज हार्ट यांनी संगम कवितेशी तिची तुलना सविस्तर केली आहे. पण तिथे असं वर्गीकरणच नाही. कोण कुणाला म्हणतंय हे टीकाकारांनी मागाहून लावलं. वस्तूच नाही तर शब्द कुठून येणार? 'रस' आणि 'ध्वनी' आपण जसेच्या तसे वापरतो, तसं 'तिणै' राहू द्या. पहिल्यांदा आली की दोन ओळी समजावून सांगा आणि पुढे चला.

ओसरी
पटलं. तिणैच ठेवते. करु आणि उरिही तसेच ठेवीन. पण लिंग काय धरू? आणि अनेकवचन?

जुनी वही
'ती तिणै', 'तिणैची', 'तिणैत'. अनेकवचनात बदल नको, 'पाच तिणै'. चेन्नईच्या चालीवर 'तिणई' मात्र लिहू नका, उद्या कुणीतरी 'तिणया' करील.

मुलूखगिरी
'तिणया' काही वाईट नाही हो. सुई-सुया, तसं तिणई-तिणया.

कारवी
नको! आणि ओसरी, 'अगम'खाली टीप द्यायला विसरू नका. त्याचा साधा अर्थ 'आतलं' आणि 'घर', पण मराठी वाचणारा तो 'अगम्य' म्हणून वाचून मोकळा होईल.